वाचक विचारतात : ट्रकचे क्राउन-पिनियन स्वतः बदलावे का?

प्रश्न : माझ्याकडे एक मध्यम आकाराचा मालवाहू ट्रक आहे. गेले दोन महिने गाडीच्या मागच्या बाजूने घूं घूं असा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो आणि सोडला की त्याचा सूर बदलतो. मिस्त्रींनी क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधला मोठा गियर आणि त्याला फिरवणारा लहान गियर) गेल्याचे सांगितले आहे. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, व्हील बेअरिंग आणि स्प्रिंगचे पाटे मी आजवर स्वतःच बदलत आलो आहे. इंजिनचे हेडही एकदा उतरवून बसवले आहे. काम करायला छप्पर असलेली जागा आहे, हत्यारे आहेत आणि कामाची आवडही आहे. काही स्नेही म्हणतात की हे काम तुला सहज जमेल, तर काही म्हणतात की डिफरन्शियलला (क्राउन-पिनियन ज्यात असतात त्या गियरसंचाला) हात लावू नकोस. दोन्ही बाजूंचे लोक कारण मात्र सांगत नाहीत. हे काम स्वतः करावे की नाही, हे कशावरून ठरवावे?

उत्तर : ज्याने इंजिनचे हेड उतरवून पुन्हा बसवले आहे, त्याला डिफरन्शियल खोलणे आणि जोडणे अवघड जाणार नाही. अडचण त्यानंतर येते. क्लच प्लेट किंवा लायनर बदलताना नवा भाग जुन्याच्या जागी बसला की काम संपते. क्राउन-पिनियनच्या बाबतीत मात्र ती जागाच आपल्याला ठरवावी लागते, आणि तीही मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशोबाने. म्हणून हा निर्णय ‘मला खोलता येते का’ या प्रश्नावर सोडू नये. ‘मला मोजता येते का, आणि माप चुकले तर तेच काम तिसऱ्यांदा, चौथ्यांदा खोलण्याइतका वेळ व धीर माझ्यापाशी आहे का’ हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा आणि त्याच्या उत्तरावर निर्णय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु त्याही आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, ती म्हणजे दोष खरोखर क्राउन-पिनियनमध्येच आहे का. मागून येणारा प्रत्येक आवाज डिफरन्शियलचा नसतो. टायरच्या नक्षीचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की लगेच बदलतो. व्हील बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो, पण ॲक्सिलरेटर दाबण्या-सोडण्याने त्याच्यात फारसा फरक पडत नाही. गाडी किंचित डावीकडे किंवा उजवीकडे झुकवली आणि वजन एका चाकावर आले की तो कमी-जास्त होतो. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गियरबॉक्सकडून मागे ओढ नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) झिजला असेल तर गाडी जागेवरून हलताना आणि गियर बदलताना ‘ठक्’ असा आवाज येतो, आणि शाफ्टचा तोल गेला असेल तर आवाजापेक्षा थरथर अधिक जाणवते. फक्त वळणावरच कुरकुर होत असेल तर क्राउन-पिनियनपेक्षा आतल्या लहान गियरांवर, म्हणजे स्पायडर आणि साइड गियरांवर, संशय घ्यावा, कारण सरळ रस्त्यावर ते एकमेकांवर जवळजवळ फिरतच नाहीत. आपण वर्णन केलेला, ॲक्सिलरेटर दाबताच चढणारा आणि सोडताच सूर बदलणारा आवाज क्राउन-पिनियनकडेच बोट दाखवतो. पण पिनियनचे बेअरिंग झिजले तरी पिनियन आपल्या जागेवरून हलतो आणि अगदी असाच आवाज येतो. पिनियन चाकांच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्या बेअरिंगचा आवाज व्हील बेअरिंगपेक्षा बारीक आणि अधिक घाईचा असतो.

म्हणून आधी ऑइल काढून पाहा. ऑइलच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप सापडेल. तो नेहमीच्या झिजेचा असतो आणि त्याने घाबरण्याचे कारण नाही. बोटांना टोचणारे कण, चकचकीत पापुद्रे किंवा दात्याचा तुकडा सापडला तर मात्र खोलण्यावाचून गत्यंतर नाही. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत गेलेले आहे. प्रोपेलर शाफ्ट सोडवल्यावर पिनियनची फ्लँज (शाफ्ट जिथे जोडला जातो ती चकती) हाताने वर-खाली आणि पुढे-मागे हलवून पाहा. तिथे प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला तर बेअरिंग नक्की गेले आहे, आणि मग दात्यांची अवस्था काय आहे हे खोलल्यावरच कळेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पिनियन क्राउनमध्ये किती खोल शिरावा हे एक माप. क्राउन पिनियनकडे किती सरकलेला असावा, म्हणजेच दोघांच्या दात्यांत किती फट राहावी, हे दुसरे माप; या फटीला बॅकलॅश म्हणतात. पिनियनची बेअरिंगे किती दाबाखाली बसवावीत हे तिसरे, आणि क्राउन ज्यावर बसतो त्या पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगे किती दाबाखाली असावीत हे चौथे. या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पिनियनखालची शिम (जाडी जुळवणारी पातळ चकती) बदलली की बॅकलॅश बदलतो. बॅकलॅश सारखा करण्यासाठी क्राउन सरकवला की बाजूच्या बेअरिंगचा दाब बदलतो. हलक्या ट्रकमध्ये बॅकलॅश बहुधा ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतात, मोठ्या ट्रकमध्ये तो यापेक्षा जास्त असतो, आणि नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा लागतो. क्राउन ०.१० मिलिमीटर सरकवला तर बॅकलॅश साधारण ०.०७ मिलिमीटरने बदलतो, आणि पिनियनच्या खोलीत ०.०५ मिलिमीटरचा फरक पडला तरी दात्यांवरचा ठसा, म्हणजे दाते जिथे एकमेकांना टेकतात ती खूण, जागा बदलतो. माणसाच्या डोक्याचा केससुद्धा बहुतेक वेळा यापेक्षा जाड असतो. हाताला ‘बरोबर’ वाटणे हा इथे पुरावा होऊ शकत नाही.

इतकी बारीक मापे का लागतात, हा प्रश्न साहजिक आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत हायपॉइड पद्धतीचे गियर असतात. प्रवासी मोटारींत ते १९२६ च्या सुमारास पॅकार्ड कंपनीने आणले. त्यांच्यात पिनियनचा मध्य क्राउनच्या मध्यरेषेवर न येता तिच्या खाली असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घासतही जातात. या घसरणीमुळे गियर शांत चालतात आणि भारही पेलतात, पण दात्यांमधल्या ऑइलच्या थरावर विलक्षण दाब येतो. म्हणूनच इथे जीएल-५ प्रतीचे, म्हणजे जबर दाब सोसणारे, ऑइल लागते. दात्यांचा स्पर्श दात्याच्या मधोमध, पुरेशा रुंद पट्ट्यावर झाला तर हा दाब विभागला जातो. तोच स्पर्श दात्याच्या कडेला गेला तर सगळा भार एका अरुंद रेषेवर येतो आणि तिथला थर फाटतो. दात्याचा वरचा थर कठीण केलेला असतो, पण तो पातळ असतो. तो एकदा गेला की झीज थांबत नाही, आणि आवाज तर पहिल्या दिवसापासूनच येऊ लागतो.

यानंतर आपला निर्णय सर्वाधिक अवलंबून राहील तो हाउसिंगच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीच्या, प्रकारावर, आणि नेमका तोच आपल्या पत्रात दिलेला नाही. गाडीखाली जाऊन पाहा. हाउसिंगला मागच्या बाजूने बोल्ट लावलेले पत्र्याचे झाकण असेल, ते काढल्यावर क्राउन समोर दिसत असेल आणि पिनियन त्याच ओतीव हाउसिंगमध्ये बसलेला असेल, तर सगळी मापे गाडीखाली उताणे पडून घ्यावी लागतात. याउलट, पुढच्या बाजूने बोल्टांनी धरलेला, पिनियन आणि क्राउन दोन्ही पोटात घेऊन बसलेला अख्खा गोळा बाहेर निघत असेल, तर तो टेबलावर ठेवून काम करता येते. मध्यम आणि अवजड मालवाहू ट्रकांत दुसरा प्रकार पुष्कळ आढळतो. त्यात बाजूच्या बेअरिंगांना शिमऐवजी आट्यांच्या रिंगा असतात, त्यामुळे बॅकलॅश लावणे बरेच सोपे होते.

आपली गाडी या दुसऱ्या प्रकारची असेल तर एक मधला मार्ग खुला होतो, आणि माझ्या मते आपल्यासाठी तोच सर्वांत योग्य आहे. ऑइल काढणे, ॲक्सल शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) ओढणे, प्रोपेलर शाफ्ट सोडवणे, गोळा उतरवणे, हाउसिंग आतून धुणे आणि शेवटी सगळे परत जोडणे ही सर्व कामे आपण स्वतः करावीत. क्राउन-पिनियनची मापे लावण्याचे काम मात्र, ज्याच्याकडे ते रोज होते अशा कारागिराकडे तो गोळा आणि नवा जोड (क्राउन आणि पिनियन) नेऊन करवून घ्यावे. मेहनतीचा मोठा भाग आपलाच राहतो आणि जोखमीचा भाग सरावलेल्या हाती जातो. या मार्गात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. इंजिनाचा ब्लॉक बोअर करायला आपण लेथवाल्याकडे नेतोच.

गोळा उतरवताना दोन गोष्टींची काळजी जिवापाड घ्या. अवजड ट्रकचा गोळा शंभर किलोच्या पुढे असू शकतो. तो दोन माणसांनी हातात झेलण्याची वस्तू नाही. त्याला गियरबॉक्स उतरवण्याचा जॅक किंवा तसाच भक्कम आधार हवा. दुसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. काही ट्रकांचा हँडब्रेक चाकांवर नसून गियरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर काम करतो. प्रोपेलर शाफ्ट सोडवताच किंवा ॲक्सल शाफ्ट ओढताच तो हँडब्रेक निरुपयोगी होतो, गियरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी होते, आणि उतारावर असेल तर अंगावर येते. सपाट जागा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि जॅकऐवजी स्टँडवर टेकलेली गाडी, एवढे झाल्याखेरीज पहिला बोल्टसुद्धा सैल करू नका.

आता समजा, हे सारे वाचूनही आपण संपूर्ण काम स्वतःच करायचे ठरवले. मला त्याचा आनंदच होईल, कारण हे काम शिकता येते. त्यात गूढ असे काही नाही. मात्र नेहमीच्या पान्यांच्या पलीकडे काही साधने लागतातच. चुंबकी स्टँडसह डायल गेज हवे, कारण बॅकलॅश दुसऱ्या कशानेही मोजता येत नाही. पिनियनची बेअरिंगे काढायला पुलर आणि बसवायला प्रेस हवा. मोठ्या मापाचा टॉर्क पाना हवा, आणि पिनियन फिरवायला किती जोर लागतो हे मोजणारा लहान, बारीक खुणांचा टॉर्क पानाही वेगळा हवा. शिमची जाडी मोजायला मायक्रोमीटर, दात्यांना लावायला ठसा उमटवणारी पेस्ट, आणि त्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल. यांतील डायल गेज किंवा लहान टॉर्क पाना मिळत नसेल, तर मी आपल्याला हे काम करू नका असेच सांगेन; तिथे अनुभवाचा हवाला चालत नाही.

खोलताना घाई करू नका. बाजूच्या बेअरिंगांवरच्या टोप्या हाउसिंगबरोबरच घडवलेल्या असतात. डावी उजवीकडे गेली किंवा उलटी बसली तर बेअरिंग नीट बसत नाही. म्हणून टोप्या काढण्याआधी पंचने खूण करून ठेवा. प्रत्येक शिम कोणत्या बाजूची आणि किती जाडीची, हे लिहून ठेवा. खोलण्याआधी जुन्या जोडाचा बॅकलॅश आणि ठसा दोन्ही घ्यावेत, असा माझा आग्रह आहे. जुना जोड आवाज करत असला तरी तो कारखान्यात कुठे बसवला होता याची ती नोंद असते, आणि नव्या जोडाच्या पहिल्या अंदाजाला तिचा फार उपयोग होतो. क्राउनचे बोल्ट काही गाड्यांत उलट्या आट्यांचे असतात. बोल्ट हलत नाही म्हणून लांब नळी लावून जोर करण्याआधी त्याच्या डोक्यावरची खूण आणि मॅन्युअल पाहा.

जुळवणीच्या फेऱ्या कमी कष्टाच्या करायच्या असतील तर सरावलेले लोक करतात ती गोष्ट आपणही करा. जुन्या बेअरिंगचे भोक आतून किंचित घासून ते पिनियनवर हाताने सरकेल असे करून घ्या, आणि सगळ्या चाचण्या त्याच्यावर करा. शिमची जाडी नक्की झाली की मगच नवे बेअरिंग प्रेसने बसवा. जुन्या आणि नव्या बेअरिंगच्या उंचीत फरक असू शकतो. तो मोजून हिशोबात घ्या आणि नवे बेअरिंग बसवल्यावर ठसा पुन्हा एकदा पाहा. ही युक्ती वापरली नाही तर प्रत्येक चाचणीला बेअरिंग ओढावे आणि दाबावे लागते, आणि तिसऱ्या वेळेस नवेच बेअरिंग खराब होते.

पिनियनच्या नटाबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण शिकाऊ असताना याच नटावर माझी चूक झाली आणि ती मी कधी विसरलो नाही. हलक्या ट्रकांत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये एक पातळ नळी असते. नट आवळत गेले की ती चिरडत जाते आणि बेअरिंगांवर हवा तेवढा दाब येतो. ती चिरडायला सुरुवात होण्यासाठीच बऱ्याचदा ३०० न्यूटन-मीटरहून अधिक जोर लागतो, आणि एकदा ती चिरडू लागली की नट थोडासा फिरला तरी दाब झपाट्याने वाढतो. नवी बेअरिंगे असताना पिनियन फिरवायला लागणारा जोर हलक्या ट्रकात साधारण २ ते ३ न्यूटन-मीटर असावा लागतो. म्हणजे एका हाताने प्रचंड ताकद लावायची आणि दुसऱ्या हाताने अगदी बारीक बदल टिपायचा. माझ्या हातून नट पुढे गेला, पिनियन जड फिरू लागला, आणि मी तो नट थोडा सैल करून काम पुढे नेले. पिनियन हाताला मोकळा लागला, म्हणून मला समाधान वाटले. पण चिरडलेली नळी परत उसळत नाही. नट सैल केल्यावर बेअरिंगांवरचा दाब उरला नव्हता आणि नट धरून ठेवणारा ताणही गेला होता. भार पडताच पिनियन मागे सरकला आणि नवा जोड थोड्याच दिवसांत घोंघावू लागला. गाडीच्या मालकाने माझ्यावर विश्वास ठेवून गाडी सोपवली होती, आणि त्याला दुसरा जोड बसवावा लागला. तेव्हापासून मी हाताखालच्या प्रत्येक मुलाला सांगत आलो आहे की नट पुढे गेला तर नळी नवी घालायची, तिथे दुसरा पर्याय नाही. आपण पहिल्यांदाच हे काम करणार असाल तर अशा दोन नळ्या जास्तीच्या आणूनच ठेवा. मोठ्या ट्रकांत या नळीऐवजी घट्ट स्पेसर आणि शिम असतात. तिथे वेळ जास्त जातो, पण चूक सुधारता येते.

ठसा वाचणे ही या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. क्राउनच्या तीन-चार दात्यांना दोन्ही बाजूंनी पेस्ट लावा, क्राउनला लाकडाने थोडा अडसर द्या आणि पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा. दात्याच्या फुगीर बाजूवर गाडी ओढतानाचा ठसा येतो आणि खोलगट बाजूवर ॲक्सिलरेटर सोडल्यानंतरचा. ठसा दात्याच्या मुळाशी गेला असेल तर पिनियन फार खोल आहे, त्याला मागे घ्या. माथ्याकडे आला असेल तर पिनियन उथळ आहे, त्याला आत सरकवा. उंची ठीक असून ठसा दात्याच्या आतल्या टोकाकडे, म्हणजे चक्राच्या मध्याकडे, सरकलेला असेल तर बॅकलॅश वाढवावा. बाहेरच्या टोकाकडे असेल तर कमी करावा, अर्थात दिलेल्या मर्यादेत राहून. बॅकलॅश क्राउनच्या एकाच ठिकाणी न मोजता निदान चार ठिकाणी मोजा. हलक्या ट्रकात या मापांत ०.०५ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर क्राउन वाकडा बसला आहे किंवा त्याच्या बैठकीवर कचरा राहिला आहे, असे समजावे. क्राउन बसवताना हातोड्याने ठोकू नका. तो गरम पाण्यात ठेवून कोमट-गरम करून घेतला तर सहज बसतो, आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळले तर सरळ बसतो.

आणखी एक विनंती. जुने दाते भंगारात टाकण्याआधी उजेडात धरून पाहा. तुटलेल्या जागी वाळूच्या किनाऱ्यावर लाटांच्या रेषा उमटाव्यात तशा वक्र रेषा असतील, तर दाता थकून, हळूहळू तुटला आहे. सगळी फूट एकसारखी खडबडीत, दाणेदार असेल तर एकाच जबर धक्क्याने तुटला आहे. दाते निळसर पडले असतील तर ऑइल कमी होते. ऑइल का कमी झाले, सील गळत होते का, हाउसिंगवरची हवा जाण्याची छोटी नळी चिखलाने बुजली होती का, याचा शोध लागेपर्यंत नवा जोड घालू नका. ती नळी बुजली की तापलेल्या हवेचा दाब सीलवर येतो आणि नवे सीलही गळू लागते. हाउसिंग वाकलेले असेल तर कितीही अचूक मापे घेतली तरी काही उपयोग होणार नाही. ॲक्सलच्या नळ्यांमध्ये साचलेली लोखंडाची पूड धुऊन काढण्याचा कंटाळा करू नका. तीच पूड नव्या बेअरिंगात जाते.

काम झाल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचे ऑइल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. पहिल्या फेरीत गाडी रिकामी ठेवून वीस-तीस किलोमीटर सावकाश चालवा आणि मग पूर्ण थंड होऊ द्या. असे दोन-तीनदा करा. पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत भारी माल लादू नका आणि त्यानंतर ऑइल बदला. आपला ट्रक रोजच्या कमाईचा असेल तर हे दिवसही निर्णयात धरावे लागतील. सरावलेला कारागीर जे काम एका दिवसात उरकतो, त्यासाठी पहिल्यांदा करणाऱ्याने तीन दिवस हाताशी ठेवावेत. आठवड्याच्या शेवटी सुरू करून सोमवारी माल भरायचा आहे, अशा बेताने हे काम कधीही हाती घेऊ नका. गोळा बाहेर निघणारा असेल आणि गाडीवर पोट असेल, तर मधला मार्ग धरा. झाकणाचे हाउसिंग असेल, सगळी साधने नसतील आणि गाडी थांबवून चालणार नसेल, तर काम पूर्णपणे कारागिराकडे द्या आणि शक्य असेल तर शेजारी उभे राहून ठसा आणि बॅकलॅश स्वतः पाहा. साधने आहेत, वेळ आहे आणि दुसरी गाडी हाताशी आहे, असे असेल तर अवश्य स्वतः करा.

प्रश्न : माझ्या लहान चारचाकी-ओढीच्या ट्रकला मी ३० इंची टायर काढून ३३ इंची टायर लावले. तेव्हापासून गाडी चढावर दम खाते. क्राउन-पिनियनचे प्रमाण बदलावे, असा सल्ला मिळाला आहे. ते कसे ठरवावे?

उत्तर : सल्ला बरोबर आहे. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की प्रमाण मिळते. ४१ ला ११ ने भागले तर ३.७३ आणि ४१ ला १० ने भागले तर ४.१०. आपल्या गाडीचे आताचे प्रमाण ३.७३ असेल, तर टायर १० टक्क्यांनी मोठे झाल्यामुळे ते ३.३९ असल्यासारखी ओढ मिळते आहे. ३.७३ ला ३३ ने गुणून ३० ने भागले की जवळजवळ बरोबर ४.१० येतात, म्हणजे ४१ आणि १० दात्यांचा जोड मूळची ओढ परत देईल.

आताचे प्रमाण हाउसिंग न उघडताही कळते. मागचे एक चाक जमिनीवर घट्ट अडवून ठेवा, दुसरे उचला, गियर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे फिरेल, तितके प्रमाण. दोन फेरे अशासाठी की एक चाक स्थिर असताना पिंजरा दुसऱ्या चाकाच्या निम्म्याच गतीने फिरतो. लॉक किंवा लिमिटेड स्लिप असलेल्या डिफरन्शियलवर ही पद्धत लागू होत नाही.

आपल्याला दोन गोष्टींची तयारी ठेवावी लागेल. पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफरन्शियल एकाच प्रमाणाचे हवेत. फक्त मागचा बदलला आणि घट्ट रस्त्यावर चारही चाकांची ओढ लावली, तर ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणाऱ्या पेटीत) ताण साचून काहीतरी तुटेल. म्हणजे वर सांगितलेले सारे काम आपल्याला दोनदा करायचे आहे. दुसरे म्हणजे, काही पिंजरे ठरावीक प्रमाणांपर्यंतच चालतात. त्यापलीकडे पिनियन लहान होतो आणि क्राउन त्याच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे पिंजराही बदलावा लागतो. जोड विकत घेण्याआधीच हे विचारून घ्या. स्पीडोमीटरचा वेग गियरबॉक्सपाशी मोजला जात असेल तर नव्या जोडानंतर तो आपोआप सुधारेल. चाकांपाशी मोजला जात असेल तर टायरचा नवा आकार वेगळा नोंदवून घ्यावा लागेल, आणि तोवर काटा ६० दाखवत असताना गाडी ६६ च्या वेगाने धावत असेल हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : पिनियनचे दोन दाते उडाले आहेत, पण क्राउन अगदी चांगला दिसतो. केवळ पिनियन बदलला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, आणि जोडी ओळखता यावी म्हणून दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. खरेदी करताना तो क्रमांक दोन्ही भागांवर पडताळून पाहा. चांगल्या दिसणाऱ्या क्राउनवर जुन्या पिनियनची झीज बसलेली असते. त्यावर नवा पिनियन लावला तर कोणत्याही शिमने ठसा जुळत नाही, आणि उडालेल्या दात्यांचे तुकडे क्राउनमधून गेले असतील तर त्याच्या दात्यांत बारीक तडेही असू शकतात. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर सुट्या जुन्या भागांच्या मागे न लागता, त्याच प्रकारच्या आणि त्याच प्रमाणाच्या गाडीतून काढलेला अख्खा गोळा पाहा, आणि तो आतून न खोलता, फक्त बॅकलॅश, ठसा आणि बेअरिंगचा प्ले तपासून, आहे तसा बसवा.